विज्ञान आणि व्यवहार : पाठांतर आणि पोथी

महाराष्ट्राचे जिल्हे किती, असा प्रश्न माझ्या नातवानें गेल्या महिन्यांत मला विचारला. मीं वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां ‘पस्तीस’ असें उत्तर दिलें. त्यानें तेंच वहींत लिहिलें आणि दुसऱ्या दिवशीं तांबडी फुली घेऊन तो घरीं आला. इ. स. २०१४ च्या ऑगस्टांत ठाणें जिल्ह्यांतून पालघर वेगळा निघाला व संख्या छत्तीस झाली, हें मीं त्या वेळीं वाचलेंहि होतें. परंतु १९९९ पासून पंधरा वर्षें जो आंकडा तोंडीं बसला, तोच ऐन वेळीं बाहेर पडला. मुलाची तक्रार फुलीबद्दल नव्हती. “आजोबा, तुम्हीं इतकें खात्रीनें कां सांगितलेंत?” एवढेंच तो म्हणाला, आणि मजजवळ त्यास उत्तर नव्हतें.

नेमका हाच दोष हल्लींच्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांत आहे, व त्यावर जो उपाय निघाला आहे तो आपल्या घरांतहि उपयोगी पडेल असा असल्यामुळें आज त्याचा परिचय करून देतों.

संगणकाचे प्रोग्राम रचणारे लोक प्रत्येक भाग स्वतः घडवीत बसत नाहींत. इतरांनीं तयार करून ठेवलेले संच ते घेतात. त्यांस लायब्ररी असें म्हणतात. प्रत्येक लायब्ररीबरोबर ती कशी वापरावी हें सांगणारी माहितीपुस्तिका असते, आणि लायब्ररीची नवी आवृत्ति निघाली म्हणजे पुस्तिकाहि बदलते. आतां हें रचनेचें काम पुष्कळ ठिकाणीं यंत्राकडून करून घेतात. सांगितलेलें काम पायरीपायरीनें पार पाडणाऱ्या अशा यंत्र-गुमास्त्यास एजंट हें नांव आहे. पण त्याचें शिक्षण कांहीं एका तारखेपर्यंतच्या मजकुरावर झालेलें असतें. त्यापुढील बदल त्यास आपोआप कळत नाहींत. शिवाय जुनी रीत असंख्य वेळां लिहिलेली व नवी थोड्याच ठिकाणीं आलेली, त्यामुळें नवी वाचनांत येऊनहि जुनीच वर येते. माझ्या ‘पस्तीसा’ची गत तीच होती.

एक उदाहरण देतों. पायथन या संगणकभाषेंत कोष्टकांवर काम करण्यासाठीं ‘पँडास’ नांवाची प्रसिद्ध लायब्ररी आहे. तींत एका कोष्टकास नव्या ओळी जोडण्यासाठीं ‘अपेंड’ ही आज्ञा होती. इ. स. २०२२ च्या जानेवारींत निघालेल्या १.४ या आवृत्तींत ती पुढें बंद होणार अशी सूचना दिली गेली, आणि २०२३ च्या एप्रिलांतील २.० या आवृत्तींत ती काढूनच टाकण्यांत आली. तिच्या जागीं ‘कॉन्कॅट’ वापरावयाचें असतें. जुन्या पाठांतरावर विसंबलेलें यंत्र मात्र ‘अपेंड’च लिहून देतें, आणि तेंहि किंचितहि न अडखळतां. नवशिका तरुण आपलेंच कांहीं चुकलें असें समजून रात्र जागून काढतो.

उपाय सरळ आहे : उत्तर देण्यापूर्वीं पोथी उघडून पाहावयाची. अपस्टॅश या कंपनीचें ‘कॉन्टेक्स्ट-सेव्हन’ हें साधन तेंच करतें. अनेक लायब्रऱ्यांच्या पुस्तिका त्यानें विषयवार लावून ठेवलेल्या आहेत. एजंट प्रथम कोणती लायब्ररी हवी तें निश्चित करतो. मग हव्या त्या विषयाचे उतारे, शक्य तेथें त्या आवृत्तीपुरतेच, मागवितो. ते उतारे समोर ठेवून मग आज्ञा लिहितो. हें दळणवळण ज्या नियमांनीं चालतें ते ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नांवानें अँथ्रॉपिक या कंपनीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत सर्वांस खुले केले. त्यापूर्वीं प्रत्येक यंत्राची प्रत्येक कोठारापाशीं निराळी व्यवस्था लावावी लागे. रुळांची रुंदी एक झाली म्हणजे मधल्या स्टेशनावर माल उतरवून पुन्हा चढविण्याची दगदग जशी वांचते, तसेंच हें झालें.

मात्र पोथी हातीं आली म्हणजे सर्व भागलें असें समजूं नये. आणलेला उतारा दुसऱ्याच आवृत्तीचा असूं शकतो. एखादा दुष्ट मनुष्य पुस्तिकेच्या मजकुरांतच यंत्रास उद्देशून खोटी आज्ञा दडवून ठेवूं शकतो, आणि माहिती कोणती व हुकूम कोणता हा विवेक यंत्रास नेहमींच राहतो असें नाहीं. तसेंच बाहेर प्रश्न पाठवितांना त्यांत परवलीचा शब्द किंवा धंद्यांतील गुपित जातां कामा नये. शेवटीं लिहिलेली आज्ञा चालवून पाहणें, हें काम माणसाचें तें माणसाचेंच राहतें.

आपल्या घरांतून पाठांतराला मोठा मान आहे, आणि तो असावा. पण जें शतकानुशतकें बदलत नाहीं तें पाठ करावें. जें दर वर्षीं बदलतें तें पाहावें. गेल्या वर्षींच्या पंचांगावरून कोणी यंदाचा मुहूर्त काढीत नाहीं. मग औषधाचें प्रमाण, प्राप्तीवरील कराचा दर, किंवा मुलांच्या अभ्यासांतील आंकडा आपण आठवणीवरून कां सांगावा? आणि घरांतील वडील माणसाचा शब्द कोणी तपासून पाहत नाहीं, म्हणून तर त्यानें तो अधिकच तपासून द्यावयास हवा. न जाणणें हा मोठा दोष नव्हे. न पाहतां खात्री देणें हा दोष आहे.

त्या दिवशीं सायंकाळीं मीं व नातवानें नवा नकाशा घेऊन छत्तीसहि जिल्हे बोट ठेवून मोजले. आतां कांहींहि विचारलें कीं तोच उलट विचारतो, “आजोबा, आठवून सांगतां कीं पाहून?” पहिल्यांदा तें थोडें लागलें. हल्लीं मी चष्मा शोधूं लागतों.