चालतोय तोवर चालू दे?



जव्हार तालुक्यातल्या साखरशेतला आमचा एक भाचा झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे छोटे दुकान चालवतो. मागे त्याचा फोन आला. "मामू, कॉम्प्युटरवर सारखं येतंय की विंडोज १० चा सपोर्ट संपला. मी ते बंद करून पुढे काम करतो. मशीन तर मस्त चालतेय. मग सपोर्ट संपला म्हणजे नेमकं संपलं काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो अनेक घरांतला आहे, म्हणून या वेळचे पान त्यालाच देत आहोत.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती बंद केली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला बंद झाली होती आणि एक्सपीची त्याआधीच, ८ एप्रिल २०१४ ला. त्या दिवशी मशीन बंद पडत नाही, फाइली जात नाहीत. बंद होते ती डागडुजी. कोणत्याही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये भोके असतात. ती सापडतील तशी कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बुजवून देते. अपडेट म्हणतात ते हेच.

आता गोम अशी, की ठिगळ जाहीर झाले की भोक कुठे होते तेही जगजाहीर होते. चोर ते ठिगळ उलटून पाहतो आणि ज्यांनी ते लावलेले नाही त्यांचे दार शोधत फिरतो. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा एकच आहे. म्हणजे ११ चे दार दुरुस्त झाले की १० चे तेच दार कुठे किलकिले आहे, याचा पत्ता चोराला दर महिन्याला आयता मिळतो. जुने मशीन काल होते तेवढेच आज सुरक्षित आहे, असे म्हणून चालत नाही ते यामुळे.

२०१७ साल आठवा. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकावर ठिगळ दिले. दोन महिन्यांनी, १२ मेला, त्याच भोकातून 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले. फाइली हव्या तर खंडणी भरा! इंग्लंडमध्ये सरकारी इस्पितळांनी रुग्णांच्या ठरलेल्या तारखा रद्द केल्या. यात बहुतेक कॉम्प्युटर एक्सपीचे नव्हते, विंडोज ७ चे होते, आणि त्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता. ठिगळ दोन महिने दारात पडून होते, लोकांनी उचलून लावले नव्हते. सपोर्ट असूनही अपडेट न करणारा आणि सपोर्ट संपलेला, दोघेही एकाच रांगेत उभे असतात.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याचा फटका थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदराला बसला. मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलची यंत्रणा ठप्प झाली, कंटेनरचा हिशेब हाताने करण्याची पाळी आली. मर्स्कला पुढे सुमारे ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. खरे बोलायचे तर हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता. चोराने दुरुस्तीवाल्याच्याच पिशवीत विष ठेवले होते. असे होऊ शकते, पण क्वचित. दवाखान्यात कधी कुणाला चुकीची सुई बसली म्हणून कुणी लस घेणे सोडत नाही.

"पण मामू, माझ्या दुकानात चोराला काय मिळणार?" भाच्याचा पुढचा प्रश्न.

आम्ही त्याला डेस्कटॉपवर काय काय पडले आहे ते वाचायला सांगितले. आधार कार्डे, बँकेची पासबुके, जातीचे दाखले, सातबारा, वनहक्काचे कागद, कुणाचा पासपोर्ट, एकाचा हजचा अर्ज. शिवाय गिऱ्हाइकांचे पासवर्ड एका फाइलीत लिहून ठेवलेले! त्याची बहुतेक गिऱ्हाइके आदिवासी. दाखला काढायला आले, कागद देऊन गेले, स्कॅन मागे राहिले. ही सगळी अमानत आहे, आणि अमानत ठेवणारा कोणत्या धर्माचा आहे हे त्यात येत नाही. उंटाच्या दोरीची गोष्ट वाचकांना आम्ही सांगायला नको. मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या मुतवल्लींनाही हे लागू आहे. वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी ६ जून २०२५ ला 'उम्मीद' पोर्टल सुरू झाले, तेव्हापासून किती जुने दस्तऐवज कुठल्या कुठल्या मशीनवर स्कॅन होऊन तसेच पडले असतील!

मग करायचे काय? आधी सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडून आपले विंडोज कोणते ते पाहा. विंडोज ११ फुकट घेता येते, पण इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे मशीन ते स्वीकारत नाही. तसे असेल तर घाईने नवे मशीन घेऊ नका. विंडोज १० साठी एक वर्षाची जादा मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यात मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. 'विंडोज अपडेट'च्या पानावर नाव नोंदवण्याची लिंक दिसते. मशीनवर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, असावी लागते.

घरी फक्त इंटरनेट, पत्रे आणि मुलांचा अभ्यास एवढाच वापर असेल तर लिनक्स मिंट पाहा. ते फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते आणि पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते. केरळच्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. दुकानदाराने मात्र बोटाचे ठसे घेणारे यंत्र आणि प्रिंटर त्यावर चालतो का, हे आधी तपासावे.

राहिला चोरीच्या विंडोजचा विषय. 'क्रॅक' मारून बसवलेल्या प्रतीत ती पकडली जाऊ नये म्हणून बऱ्याचदा अपडेटच बंद करून ठेवलेले असते. ते जायज आहे की नाही हे उलेमांना विचारा. क्रॅकच्या फाइलीतून काय काय आत येते, एवढे तरी आम्हाला ठाऊक आहे.

साखरशेतला अडचण वेगळीच निघाली. भाचा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. डेटा वाचावा म्हणून कुणीतरी कनेक्शन 'मीटर्ड' करून दिले होते, त्यामुळे कित्येक महिने बहुतेक अपडेट आपोआप उतरलीच नव्हती. पावसात लाइट जाते, अपडेट अर्ध्यावर असताना गेली तर मशीन बिघडेल ही भीतीही होती, आणि ती खोटी नाही. शेवटी एका रविवारी इन्व्हर्टर भरून घेऊन त्याने दुकान बंद ठेवले, 'मीटर्ड' काढले आणि दुपारपर्यंत सगळी अपडेट बसवली. जादा मुदतीचीही नोंद झाली.

मागच्या कोपऱ्यात विंडोज ७ चे एक मशीन होते. फेकायला जीव होईना, म्हणून त्याचे नेट कायमचे काढले. आता त्यावर फक्त टायपिंग होते आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्याला लागत नाही. पासवर्डची फाइल पुसली. स्कॅन काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोरच पुसायचे, असे त्याने ठरवले आहे. एका आजीबाईंनी त्याला विचारले, "पोरा, माझा कागद पुसतोस कशाला?" सांगितल्यावर त्यांनी मागच्या वर्षीचा कागदही शोधून पुसायला लावला.