वेदीपाशी जाण्यापूर्वी

मराठी प्रॉटेस्टंट मंडळी प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणू लागली की तिच्या मध्यावर एक व्यवहारी शब्द येतो, तो म्हणजे ऋण. रोमन कॅथलिक बांधवांच्या ओठी त्या जागी ‘अपराध’ असतो. मूळ ग्रीक ग्रंथांतही हा भेद आहेच. मत्तयाने ऋण म्हटले, लूकने पाप. आम्हाला मात्र ‘ऋण’ अधिक बोचते. महाल-इतवारीच्या पेठांत वावरणाऱ्या माणसाला कीर्द आणि खतावणी म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नाही. तशीच एक खतावणी आम्ही मनातही बाळगतो. लग्नाची पत्रिका कोणी धाडली नाही, बाप्तिस्म्याच्या मेजवानीत कोणी मागच्या रांगेत बसविले, मंडळीच्या निवडणुकीत कोण काय बोलले, सारे तिच्यात तारीखवार नोंदलेले असते. मुद्दल कधीच विसरले जाते, व्याज तेवढे चढत राहते. आणि अशी खतावणी उराशी धरून आम्ही दर रविवारी देवापुढे म्हणतो की, आम्ही जितके सोडले तितके तू आम्हाला सोड. या मागणीचा अर्थ खरोखर ध्यानात आला, तर अनेकांची जीभ तेथेच अडखळेल.

त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याहून कठीण आज्ञा आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी उभे असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. यात भावाच्या मनात आपल्याविषयी असलेल्या सलाची गोष्ट आहे, आपल्या मनातील सलाची नव्हे. म्हणजे ज्याने दुखविले त्याने निघायचे. पुढे अठराव्या अध्यायात ज्याचा अपराध झाला त्याला सांगितले आहे की, अपराध्याकडे जा, आणि एकटा असताना त्याला त्याची चूक दाखव. म्हणजे जो दुखावला गेला त्यानेही निघायचे. कोणी आधी जावे हा वादच येथे शिल्लक उरत नाही. महालातील गल्ल्या एवढ्या अरुंद आहेत की दोघेही खरोखर निघाले, तर भेट चुकविणे त्यांना कठीण जावे.

आमचा प्रत्यक्ष परिपाठ निराळा आहे. आम्ही जात नाही. आम्ही प्रार्थना करतो. घरोघरच्या प्रार्थनासभेत कोणी सुस्कारा टाकून म्हणतो, ‘अमुक कुटुंबासाठी विशेष प्रार्थना करू या.’ पुढील पाच मिनिटांत त्या कुटुंबाची सगळी उणीदुणी देवाच्या, आणि देवापेक्षाही शेजाऱ्यांच्या, कानी घातली जातात. ही प्रार्थना नव्हे; ही डोळे मिटून केलेली चहाडी होय. ज्याच्याविषयी आम्ही बोलतो तो दोन घरे पलीकडे असतो, आणि आमच्या मनात काय आहे ते त्याला सोडून सर्वांना ठाऊक असते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९०च्या दशकाच्या आरंभी याच नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने विद्याव्यासंग करीत होते. पुढे राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले, तेथून त्यांचे मन पुढे सरकेना. वेदीपाशी अर्पण ठेवून परतण्याची आज्ञा त्याच प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या या निर्णयाने सर्वांत अधिक दुखावले गेलेले माणूस त्यांच्याच घरातले होते. लक्ष्मीबाईंनी ती वर्षे कशी काढली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना सांगायला नको. ताटातुटीनंतर दोघे पुन्हा एकत्र आली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. आम्हाला मोलाचे वाटते ते हे की, लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकात पतीचा तापटपणा लपविला नाही, घर रिकामे करणारी त्याची उदारताही लपविली नाही, आणि तरीही ते पुस्तक तक्रारीचे झाले नाही. झाले ते झाले असे स्वच्छ सांगून त्या वसुलीला बसत नाहीत. पतीला संत करून सोडणे याहून पुष्कळ सोपे होते.

संस्थांनाही हे साधते, पण वेळ लागतो. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की प्रौढांनाच, बिशप असावेत की नसावेत, या प्रश्नांवर दुरावलेल्या सहा मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्या याच नागपुरात एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. अमेरिकी परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी अखेरच्या टप्प्यावर बाजूला झाली. तिच्याशी नाते मात्र तुटले नाही.

येथे एक इशारा द्यायला हवा. क्षमेचे नाव पुढे करून दुर्बळाचे तोंड बंद करण्याची वाईट खोड आमच्यात आहे. मार खाणाऱ्या सुनेला ‘प्रार्थना कर, सोसून घे’ असे सांगणारे पाळक आणि वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. अठराव्या अध्यायाचा क्रम असा नाही. एकट्याने सांगून ऐकले नाही तर दोघा-तिघांना साक्षीला न्यावे, तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे ठेवावे, असा तो आहे. आणि गुन्हा घडला असेल तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्यात प्रार्थनेचा कोणताही अवमान होत नाही.

दुखावलेली मने काय करू शकतात, हे महालाला निराळे सांगायला नको. १७ मार्च २०२५च्या सायंकाळी येथे दगड आले, आगी लागल्या, आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. त्या प्रसंगी कोणी काय करायला हवे होते, हे सांगण्याचा अधिकार आमच्यासारख्या मूठभर समाजाला आहे असे आम्ही मानीत नाही. ज्यांच्यात भाऊ भावाच्या दारी वर्षानुवर्षे जात नाही त्यांनी शहराला उपदेश कशाला करावा? आम्हाला विचारता येतो तो आमच्याच घरचा प्रश्न.

उद्या नाताळ. करंज्या, अनारसे, चकल्या भरलेली ताटे रुमालाखाली झाकून घरोघर निघतील. हिंदू शेजाऱ्यांकडे, मुसलमान मित्रांकडे, कार्यालयातल्या साहेबांकडे. ही ताटे कोठे कोठे जायची याची यादी घरातील बाई आदल्या रात्रीच करते, आणि त्या यादीतून एक नाव दरवर्षी सहज गळते. ते कोणाचे, हे घरात सर्वांना माहीत असते, लहान मुलांनासुद्धा. सदरकडे सकाळच्या उपासनेला निघण्यापूर्वी तेथे ताट पोचवून यायला दहा-पंधरा मिनिटे लागतील. दार उघडले जाईलच असे नाही. उपासनेला थोडा उशीर झाला तरी चालेल.