पंच घरचाच असतो तेव्हा

२९ ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, शाळाशाळांतून राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. तसबिरीला हार पडतो, शपथ होते आणि शालेय स्पर्धांची धांदल सुरू होते. पाथरी तालुक्यातली मुलेही १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत क्रिकेट खेळायला उतरतात. ती कशी खेळतात, यावर आज बोलायला हवे.

टीव्हीवरच्या सामन्यात खेळाडू खोटे बोलला तरी कॅमेरा त्याला पकडतो. आपल्याकडे काळ्या मातीचे मैदान, फक्कीने आखलेली सीमारेषा आणि पंच म्हणून बहुधा खेळणाऱ्याच एखाद्या शाळेचे सर. चेंडू बॅटची कड घेऊन गेला का, हे खात्रीने फलंदाजालाच ठाऊक असते. झेल जमिनीला टेकून उचलला का, हे क्षेत्ररक्षकालाच. ही दोन मुले खरे बोलली नाहीत तर तिथे खेळ होतच नाही, हुज्जत होते. म्हणून लहान गावातल्या मैदानाला खिलाडूपणाची गरज वानखेडेपेक्षा जास्त आहे.

वानखेडेवरही तो दिसला होता. फेब्रुवारी १९८० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडची ५ बाद ५८ अशी दाणादाण उडाली होती. त्यानंतर बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. स्लिपमध्ये उभ्या कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथला वाटले, बॅट लागलेली नाही. त्याने टेलरला परत बोलावले. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथच्या खरेपणाची किंमत संघाने मोजली, हे मुलांना सांगताना लपवू नये.

पण मुलांच्या क्रिकेटमधला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग कल्याणचा आहे. जानेवारी २०१६, भंडारी करंडक, सोळा वर्षांखालचा आंतरशालेय सामना. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या आणि संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रणवचा विक्रम जगभर गाजला, आणि त्याचे कौतुक रास्तच होते. समोरच्या आर्य गुरुकुलच्या मुलांविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही. त्यांच्यातली बरीच मुले वयाने लहान आणि नवखी होती, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. दुसऱ्या दिवशीही ती सीमारेषेपलीकडून चेंडू आणत राहिली, गोलंदाजी करत राहिली. पहिल्या डावात ती ३१ धावांत बाद झाली होती, मग दुसऱ्या डावात ५२ धावांत बाद झाली. मैदान सोडून गेली नाहीत.

१९४८ साली पुण्यात मोठ्या माणसांनी नेमके उलटे केले होते. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर खेळत होते, ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ पासून अवघ्या ९ धावा दूर. प्रतिपक्षाचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार दिला. मोठ्यांना जे साधले नाही ते कल्याणच्या पोरांनी करून दाखवले. तरी प्रश्न उरतो तो त्या मैदानाबाहेरच्या मोठ्यांचा. हजाराच्या कितीतरी आधी डाव घोषित करा, असे सांगणे प्रशिक्षकाच्या हाती होते. दुबळ्या संघावर किती धावा रचायच्या, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने ठरवावे अशी अपेक्षा आम्हाला अन्यायाची वाटते.

पाथरीतही दोष मुलांकडे कमी आणि सीमारेषेवर उभ्या असलेल्यांकडे जास्त जातो. ‘आउट असलास तरी हलू नको’ हे मुलाला कुणीतरी मोठाच शिकवतो. पंच झालेल्या सरांना शिव्या घालणारेही पालकच असतात. तेव्हा आयोजकांकडे दोन साध्या मागण्या आहेत. पंच म्हणून त्या सामन्यात नसलेल्या तिसऱ्या शाळेचे शिक्षक बोलवा. आणि बक्षीस समारंभात सामनावीराच्या आधी त्या मुलाचे नाव घ्या, जो पंचांनी बोट वर करण्याआधीच स्वतःहून चालू लागला.