सामायिक कपाट कुणाच्या टेबलाखाली?

परवा भाच्याचा फोन आला. करसल्लागार म्हणून नवं ऑफिस थाटतोय. सहा कॉम्प्युटर. "मावशी, वेगळा सर्व्हर कशाला? माझ्याच मशीनवर फोल्डर शेअर करतो. टॅलीचा डेटा तिथेच. विंडोज ११ वीस मशीनपर्यंत परवानगी देतं, आपण तर सहाच!"

परवानगी आहे म्हणजे शहाणपणाचं आहे, असं कुणी सांगितलं? फोनवर फार बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. इतर मंडळींनीही वाचावं.

२००७ साली मी आमच्या शिक्षकांच्या पतपेढीची मानद चिटणीस होते. पाच कॉम्प्युटर, आणि सगळा हिशेब ज्येष्ठ लिपिकांच्या मशीनवर. वेगळं मशीन घेऊ म्हटलं की समितीचं उत्तर ठरलेलं, "चालतंय ना?" मार्चअखेरीस एका संध्याकाळी त्यांचं मशीन अडकलं. प्रिंट निघेना, म्हणून त्यांनी सवयीप्रमाणे बटण दाबून ते बंद केलं. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर व्याजाच्या नोंदी चालू होत्या. डेटा बिघडला. बॅकअप होता, पण आठ दिवसांपूर्वीचा. पावत्यांवरून पुन्हा नोंदी करण्यात चार दिवस गेले, आणि बैठकीत खापर फुटलं त्या लिपिकांवर! स्वतःच्या टेबलावरचं मशीन बंद करणं हा गुन्हा कसा? गुन्हा आम्हा समितीवाल्यांचा होता. मी तेव्हा गप्प बसले, ती टोचणी अजून आहे.

शाळेतलं जनरल रजिस्टर आठवा. दाखला त्यावरूनच निघतो. ते कुणा शिक्षकाच्या पिशवीत असतं का? ऑफिसच्या कपाटात, कुलपात असतं. सगळ्यांची वस्तू एकाच्या खणात ठेवायची नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

हा वाद नवा नाही. नॉव्हेलच्या जुन्या नेटवेअर २ मध्ये सर्व्हरवरच बसून काम करायची सोय होती. त्या माणसाचा प्रोग्राम अडकला की सगळ्यांचं काम ठप्प! १९८९ च्या नेटवेअर ३८६ मध्ये ती सोय राहिली नाही, सर्व्हर फक्त सर्व्हर. आपण मात्र अजून तिथेच. ज्या मशीनवर मेल उघडायची, कुणाचाही पेन ड्राइव्ह लावायचा, अपडेट आलं की रीस्टार्ट करायचं, त्याच मशीनवर पन्नास अशिलांचे हिशेब?

"खर्च?" अरे, लाखाचा सर्व्हर कोण घ्यायला सांगतंय? धडधाकट जुना डेस्कटॉप घे, त्यावर लिनक्स आणि सांबा टाक. दोन्ही फुकट आहेत. तो कोपऱ्यात ठेव. त्याला मॉनिटर नको, खुर्ची तर नकोच. खुर्ची ठेवलीस की कुणीतरी बसणारच.

वेगळा सर्व्हर म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही सांगते. त्याचीही डिस्क जाते. म्हणून रोज बॅकअप घ्यायचा, आणि त्याची एक प्रत ऑफिसबाहेर. "सगळं क्लाउडवर टाकतो" म्हणशील, तर जरूर टाक. पण तिथेही तुझा डेटा कुणाच्या कामाच्या टेबलावर ठेवलेला नसतो, हे लक्षात घे.

असो. ऑफिसच्या पूजेला येईन तेव्हा यूपीएस माझ्याकडून. मात्र तो तुझ्या टेबलाखाली दिसला, तर परत घेऊन जाईन!