नांव ओळखलें, ऐकणें राहिलें

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं जमलेल्या मुलांनीं एक नवा खेळ मांडला. हा खेळ मोबाइलवर चालतो, आणि त्यांत देशोदेशींचीं अनोळखी माणसें मोठ्या सलोख्यानें चढाओढ करितात. पाश्चात्य अभिजात संगीतांतील एखाद्या रचनेचे आरंभींचे कांहीं क्षण वाजतात, खालीं चार रचनाकारांचीं नांवें येतात, आणि जो आधीं बरोबर नांवावर बोट ठेवील त्याला अधिक गुण मिळतात. आमची पुतणी पियानो शिकते. तिनें सर्वांस हरविलें. मग आम्हांसही भरीस घालण्यांत आलें. एक ओळखीचा मेनुएट वाजला, आम्हीं 'बाख' ह्या नांवावर बोट ठेविलें, आणि यंत्रानें आम्हांस शाबासकी दिली.

गंमत ही कीं, उत्तर चुकीचें होतें. जी मेजरमधील तो मेनुएट बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहींत उतरलेला आहे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो बाखचा समजला गेला. ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक ख्रिस्टियन पेट्झोल्ड हा त्याचा खरा कर्ता, हें १९७० नंतर संशोधकांनीं दाखवून दिलें. अल्बिनोनीच्या नांवावर जगभर वाजणाऱ्या प्रसिद्ध 'अडाजिओ'चीही तीच कथा. ती रचना १९५८ सालीं रेमो जियाझोत्तो ह्या इटालियन पंडितानें प्रसिद्ध केली. आणि ती बव्हंशीं त्याचीच आहे, असें आज मानतात.

परंतु चुकीच्या उत्तरांविषयीं आमची तक्रार नाहीं. चूक उद्यां दुरुस्त होईल, आणि यंत्र 'पेट्झोल्ड' म्हणूं लागेल. आमचा प्रश्न निराळा आहे. बाख जाऊन पेट्झोल्ड आला, तरी त्या मेनुएटांतील एकही सूर बदलला नाहीं. मग काल ज्यानें 'बाख' म्हणून गुण मिळविले आणि उद्यां जो 'पेट्झोल्ड' म्हणून मिळवील, त्या दोघांस त्या मेनुएटाविषयीं नेमकें काय ठाऊक आहे?

नांवाची ही भक्ति केवळ मुलांचीच आहे असें नाहीं. १९०९ सालीं येना येथें एका सिंफनीचीं हस्तलिखितें सांपडलीं; तींवर बीथोव्हेनचें नांव आढळतांच ती त्याच्या तारुण्यांतील कृति म्हणून गाजली. १९५७ सालीं ती फ्रीड्रिख विट ह्याची ठरली, आणि तेव्हांपासून ती क्वचितच कानीं पडते. सूर तेच होते. मान मात्र नांवाला होता.

ह्या खेळाचा खरा दोष असा कीं, ओळख पटली म्हणजे ऐकणें संपलें, हें तो शिकवितो. पुतणीनें एक रचना दुसऱ्याच क्षणीं ओळखली, तेव्हां आम्हीं म्हटलें, "आतां ही पुरती ऐकूं या." ती चटकन् म्हणाली, "ओळखलं ना काका, मग पुढचं कशाला?" तिचा त्यांत कांहींच अपराध नाहीं, खेळाचा नियमच तिनें प्रामाणिकपणें सांगितला.

हायडनची ९४ वी सिंफनी घ्या. 'सरप्राइज' हें टोपणनांव कोणत्या सिंफनीचें, हा अशा खेळांतला अगदीं ठराविक प्रश्न. हायडननें ती १७९१ सालीं, लंडनच्या श्रोत्यांकरितां लिहिली. तिच्या दुसऱ्या भागाचा आरंभ लहान मुलांच्या गाण्याइतक्या साध्या चालीनें होतो. ती हलकेच वाजते, मग त्याहूनही हलकेच वाजते, आणि सोळाव्या मात्राखंडांत सारा वाद्यवृंद एकदम गर्जून उठतो. पण खरा विनोद त्यापुढें आहे. चाल पुन्हां पुन्हां नव्या वेषांत येते, श्रोता आतां धक्का बसेल, मग बसेल, म्हणून अंग चोरून बसतो, आणि तो धक्का परत येत नाहीं! हा विनोद वाट पाहणाऱ्यालाच कळतो. आणि ह्या खेळांत तर वाट पाहणाऱ्याचेच गुण कापले जातात.

कोणी म्हणतील, खेळ निरुपद्रवी आहे, त्या निमित्तानें थोर नांवें तरी कानांवर पडतात. हें आम्ही नाकारीत नाहीं. मुंबईंत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. परंतु तिच्या मैफलीला जाणें किती मराठी कुटुंबांस साधतें? बहुतेक घरांत हें संगीत मोबाइलच्याच वाटेनें येतें. म्हणूनच त्या वाटेवर कोणती संवय लागते, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आणि हा रोग यंत्रानें आणला, असें म्हणून आम्हां शिक्षकांस हात झटकतां यावयाचे नाहींत. आम्हीं तीस वर्षें साहित्याच्या परीक्षा घेतल्या. हें कोणी लिहिलें, केव्हां लिहिलें, कोण कोणास म्हणालें, हेंच विचारीत आलों. मूळ पुस्तक न उघडतां केवळ गाइडावर पहिल्या वर्गांत आलेले विद्यार्थी आम्हीं पाहिले. त्यांस ते गुण आम्हींच दिले होते. खेळ रचणाऱ्यांनीं आमच्याच प्रश्नपत्रिकेला वाद्यांची साथ दिली, इतकेंच.

तेव्हां खेळ बंद करा असें आमचें म्हणणें नाहीं. प्रश्न बदला, एवढेंच म्हणणें आहे. हायडनचा तो भाग पुरता वाजवा. सहा-सात मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाहीं. मग विचारा: मूळ चाल किती वेळां वेष पालटून आली? ती मध्येंच मायनर स्वरांत शिरून गंभीर कोठें झाली? आणि 'कळलें नाहीं, पुन्हां ऐकवा' हेंही एक उत्तर ठेवा, व त्याला पुरे गुण द्या. कारण संगीताचा जिज्ञासु येथूनच घडूं लागतो.

असा खेळ निघेल तेव्हां निघो. तोंवर वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंति आहे. मुलानें नांव बरोबर ओळखलें म्हणजे त्याची पाठ अवश्य थोपटा; पण जें वाजत आहे तें बंद होऊं देऊं नका. त्याच्या शेजारीं बसा, आणि तें संपेपर्यंत तुम्हीही ऐका.