मोनॅकोचे वळण आणि मुंब्र्याचे वळण

२०२५ साली नवी मुंबईच्या पामबीच मार्गावर मोटारींची शर्यत भरविण्याची घोषणा झाली. शहरी रस्त्यावरील शर्यत म्हटली की मोनॅकोचे नाव ओघानेच येते.

ह्या शर्यतीच्या मोहाला आम्ही हसत नाही. १९२९ सालापासून मोनॅकोच्या अरुंद, चढउताराच्या रस्त्यांवर मोटारी धावत आल्या आहेत. सव्वातीन किलोमीटरांहून थोडी मोठी फेरी, अशा ७८ फेऱ्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. चुकीला हातभरही जागा नाही. ह्यात कसब आहे, धैर्य आहे. बैलगाडीच्या शर्यतीला लोटणारा आपला शेतकरी वेगाचे हे वेड जाणतो. ते काही धनिकांनी शोधून काढलेले नाही. बंदरातील नौकेवर बसून ते पाहण्याची सोय मात्र त्यांची!

पण ह्या इतिहासाचे एक पान झगमगाटात झाकले जाते. १९६७ साली मोनॅकोत लोरेन्झो बांदिनी ह्यांची मोटार आदळून पेटली आणि त्यात त्यांचा अंत झाला. पुढील वर्षी शंभर फेऱ्यांच्या ऐंशी झाल्या. १९६९ साली बेल्जियममधील स्पा येथे सुरक्षिततेच्या मागण्या मान्य होईनात, तेव्हा चालकांच्या संघटनेने बहिष्काराचे हत्यार उपसले व शर्यत रद्द झाली. जॅकी स्ट्युअर्ट ह्यांना ह्या लढ्यापायी भित्रे म्हणून हिणवले गेले. नामवंत चालकांनाही जिवाची हमी एकजुटीवाचून मिळाली नाही.

आता डोंबिवलीच्या फलाटावरील चाकरमान्याकडे पाहा. त्याने धाडसाचा खेळ निवडलेला नाही. त्याला वेळेवर हजेरी लावायची असते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींजवळून जात असता दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्याच दिवशी चौघे दगावले. मोनॅकोच्या वळणावर झेंडेवाले व अग्निशामक सज्ज असतात. मुंब्र्याच्या वळणावर प्रवाशाच्या हाती लोखंडी दांडा, तोही घामाने निसटता.

२०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तरी लोंबकळणे संपले नाही. अपघातानंतर स्वयंचलित दारांची घोषणा झाली. दार मिटल्याने डब्यात जागा होत नाही. त्यासाठी फेऱ्या आणि डबे वाढवावे लागतात.

रस्त्यांची कथा निराळी नाही. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी दुचाकीस्वारांचे बळी घेतले. शर्यतीसाठी रस्ता आरशासारखा करता येतो. म्हणजे अडचण डांबराची नाही, हे तरी कळले! हैदराबादेत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी अशीच शर्यत झाली. दुसऱ्या वर्षीची रद्द झाली आणि मागे उरली ती सरकारी पैशाची चौकशी.

म्हणून प्रवासी संघटनांत काम करणाऱ्या आपल्या साथींनी ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील लोकप्रतिनिधींना जाहीर सभेत दोन प्रश्न विचारावेत : गर्दीच्या वेळी पंधरा डब्यांच्या किती गाड्या वाढणार, आणि कोणत्या तारखेपासून?