स्वस्त ए.सी. कोणता? आधी खोली मोजा, मग दुकानात जा

उन्हाळ्याची चाहूल लागली की ए.सी.च्या दुकानांतून गर्दी सुरू होते. "दीड टन द्या, स्वस्तातला द्या," एवढेच बोलून ग्राहक पैसे मोजतो आणि यंत्र घरी नेतो. अलीकडे त्यात आणखी एक मागणी वाढली आहे. घर किंवा दुकान नव्याने बांधून घेणारे गृहस्थ "सेंट्रल ए.सी. बसवून टाकू" असे म्हणू लागले आहेत. ज्यांचे भांडवल मर्यादित आहे अशा छोट्या व्यापाऱ्याने व कारागिराने या बाबतीत काय करावे, याचा विचार आपल्या पानावर होणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण यात ग्राहक म्हणून आपला पैसा गुंतलेला आहे आणि मेकॅनिक, वायरमन, पत्राकाम करणारे म्हणून आपल्या अनेक बांधवांची रोजी-रोटीही गुंतलेली आहे.

उदाहरणादाखल आपण पुण्याची सदाशिव पेठ घेऊ. पेशवाईत वसलेल्या या पेठेत जुने वाडे अजून थोडेफार टिकून आहेत. बऱ्याच वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून येथे येतात, त्यामुळे गल्लोगल्ली अभ्यासिका, खाणावळी व झेरॉक्सची दुकाने निघाली आहेत. छापखाने, शिंपीकाम, पुस्तकविक्री हे जुने धंदे आहेतच. अशा ठिकाणी गारव्याची गरज खरी आहे, आणि प्रत्येकाची गरज वेगळी आहे.

परदेशातील 'सेंट्रल' आपल्याकडे का परवडत नाही?

सेंट्रलचे आकर्षण पुष्कळदा परदेशातून येते. शिकागो किंवा न्यू जर्सीत राहणारे नातेवाईक सांगतात की त्यांचे सबंध घर एकाच यंत्राने थंड होते. हे खरे आहे. पण त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. त्या प्रदेशात हिवाळ्यात बर्फ पडतो. घर उबदार ठेवण्यासाठी तळघरात गॅसवर चालणारी भट्टी असते आणि तिची गरम हवा पत्र्याच्या नळांतून, म्हणजे डक्टमधून, प्रत्येक खोलीत जाते. डक्ट हिवाळ्यासाठी अगोदरच बसवलेले असतात. उन्हाळ्यात त्याच डक्टमधून थंड हवा सोडली की काम भागते. एकच खर्च दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो.

पुण्यात घर तापवण्याची भट्टी कोणालाच लागत नाही. थंडीत पारा दहा अंशांच्या आसपास आला तरी गोधडीवर निभावते. म्हणजे डक्ट, फॉल्स सीलिंग व इन्सुलेशन यांचा सगळा खर्च आपल्याकडे केवळ गारव्याच्या माथी पडतो. आणि कडक उन्हाळा मार्च ते मे असा तीनच महिने असतो. शिवाय साध्या सेंट्रल योजनेत माणसे एका खोलीत असली तरी थंड हवा सर्व खोल्यांत जाते. यंत्र बिघडले तर सर्व घर एकदम बंद पडते. जुन्या वाड्यात छताची उंची मुळातच कमी असते. त्याखाली डक्ट घातला तर डोके वर करायला जागा उरत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी किंवा एका गाळ्याच्या दुकानासाठी सेंट्रलचा हट्ट धरू नये. ज्या खोलीत खरोखर बसणे किंवा झोपणे होते, तेवढ्याच खोलीला वेगळा स्प्लिट ए.सी. लावावा. मंगल कार्यालय, मोठे शोरूम, साठ-सत्तर मुलांचा क्लास, रुग्णालय अशा ठिकाणी मात्र डक्टचा ए.सी. शोभतो व परवडतोही. तेथे हॉल मोठा असतो, माणसे एकाच वेळी असतात आणि यंत्र वर्षभर चालते.

टन म्हणजे वजन नव्हे

व्यापाऱ्याला टन म्हटले की वजन आठवते. या टनाचाही वजनाशी संबंध आहे, पण तो बर्फाच्या. पूर्वी बर्फाने गारवा केला जाई. २,००० पौंडांचा, म्हणजे एक अमेरिकन टन, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी ताकद म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत ती सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद होय.

हा हिशेब समजला की खोलीची गरज कागदावर मांडता येते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० ते १२० वॅट उष्णता देतो. अभ्यासिकेत २० मुले बसली तर दोन किलोवॅटहून अधिक उष्णता केवळ माणसांचीच झाली. अर्ध्या टनाहून जास्त ताकद त्यातच गेली. छत, भिंती, काचा व दिवे हे सारे अजून बाकीच आहे. शिंप्याच्या दुकानात १,००० वॅटची इस्त्री दिवसभर तापत असेल तर तिची उष्णता त्याच खोलीत राहते. झेरॉक्सच्या दुकानात यंत्रांची उष्णता मोजावी लागते. उलट दहा बाय बाराच्या झोपायच्या खोलीला, वर आणखी मजला असेल तर, एक टन सहसा पुरतो. तीच खोली शेवटच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली असेल तर तो अपुरा पडू शकतो.

लहान यंत्र घेतले तर ते थांबतच नाही आणि बिल चढते. गरजेपेक्षा मोठे साधे यंत्र घेतले तर ते लवकर बंद पडून पुन्हा सुरू होत राहते. खोली थंड होते, पण दमटपणा पुरता जात नाही. इन्व्हर्टर ए.सी. आपली गती कमी-जास्त करतो, त्यामुळे हा दोष बराच कमी होतो. तरीही माप न घेता खरेदी करणे हा व्यवहार नव्हे.

किंमत एकदा, बिल दर महिन्याला

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ साली स्टार लेबलची योजना सुरू केली आणि खोलीच्या ए.सी.वर २०१० पासून ते सक्तीचे झाले. या लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल हे छापलेले असते. तो आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. आपला वापर किती तास आहे हे पाहिल्याशिवाय थ्री स्टार की फाइव्ह स्टार याचे उत्तर मिळत नाही.

समजा, एका यंत्राच्या लेबलवर १,००० युनिट आहेत व दुसऱ्याच्या लेबलवर ७५० आहेत. दुसरे यंत्र ९,००० रुपयांनी महाग आहे. वीज १२ रुपये युनिट धरू. आता तीन ग्राहकांचा हिशेब पाहा. ज्या घरात उन्हाळ्यातील ७५ दिवस रोज ६ तास, म्हणजे ४५० तास ए.सी. चालतो, तेथे वर्षाला सुमारे ७० युनिट, म्हणजे ८४० रुपये वाचतील. जादा दिलेले पैसे वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. ज्या दुकानात १,६०० तास वापर आहे तेथे ३,००० रुपये वाचतील व तीन वर्षांत वसुली होईल. आणि जी अभ्यासिका रोज १२ तास, वर्षातील २५० दिवस ए.सी. चालवते, तिचे ५,६०० रुपयांहून अधिक वाचतील. दोन वर्षांच्या आतच पैसे परत.

म्हणून "फाइव्ह स्टारच घ्या" असे सरसकट सांगणारा विक्रेता आणि "थ्री स्टार पुरे" असे सरसकट सांगणारा शेजारी, दोघांचेही ऐकू नये. आपले तास मोजावेत. लेबलवरील वर्षही पाहावे, कारण स्टारचे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात. जुन्या लेबलवरील पाच स्टार नव्या लेबलवर पाच राहतीलच असे नाही. महावितरणचे घरगुती दर जास्त वापराच्या टप्प्यात चढत जातात आणि दुकानाचे दर घरापेक्षा वेगळे असतात. तेव्हा युनिटचा दर आपल्याच बिलावरून काढावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये ए.सी.वरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हा दिलासा आहे. तो पैसा अधिक मोठ्या यंत्रात घालण्याऐवजी वायरिंगवर खर्च केला तर अधिक बरे.

हप्त्याचा मोह

"बिनव्याजी हप्ते" ही पाटी पाहून आपले अनेक बांधव निश्चिंत होतात. व्याज टाळू इच्छिणाऱ्याने येथेच सावध राहावे. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली अशा शून्य टक्के योजनांवर आक्षेप घेतला होता. त्यांत व्याज वेगळ्या नावाने वसूल होते असे तिचे म्हणणे होते. तपासण्याचा मार्ग सोपा आहे. दुकानदाराला विचारावे, "रोख दिले तर किती?" रोखीची किंमत कमी निघाली तर फरक कशाचा, हे सांगायला नको. प्रक्रिया शुल्क वेगळे असेल तर तेही त्यात मिळवावे. दोन हंगाम थांबून रोखीने घेतलेला ए.सी. हा कर्जाने घेतलेल्या ए.सी.पेक्षा अधिक गार वाटतो, असे आम्हाला वाटते.

यंत्राच्या आधी करायच्या गोष्टी

ए.सी.च्या आधी छत पाहावे. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग दिला तर स्लॅब कमी तापतो. अहमदाबादने उष्णतेच्या आराखड्यात वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम याच कारणासाठी हाती घेतला. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा किंवा ताटी लावावी. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरच्या सावलीचा उपयोग जास्त.

पुण्याची एप्रिलमधील हवा कोरडी असते, म्हणून घरात पाण्याचा कूलर चांगले काम देतो व वीज फारच कमी खातो. मात्र त्याला खिडकी उघडी हवी. जून उजाडला की दमट हवेत त्याचा उपयोग संपतो. कागद व कापड ओल धरतात, म्हणून छापखान्यात व कापडाच्या गाळ्यात कूलर नको. ए.सी.चा जन्मच मुळी छापखान्यात झाला, हे येथे लक्षात घ्यावे. १९०२ साली विलिस कॅरियर या इंजिनियराने न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली योजना आखली ती दमट हवेने कागद फुगून रंग जुळत नसत म्हणून.

सदाशिव पेठेसारख्या दाट वस्तीत आणखी दोन अडचणी येतात. एक, जुनी वायर. पंखे व दिव्यांसाठी टाकलेल्या वायरीवर ए.सी. जोडणे म्हणजे लाकडी माडीच्या घरात आगीला आमंत्रण. वेगळी तांब्याची लाईन, योग्य एम.सी.बी. व चांगले अर्थिंग हवे. मंजूर लोड अपुरा असेल तर वाढवून घ्यावा. दोन, बाहेरच्या युनिटची जागा. दोन इमारतींमधील अरुंद बोळात युनिट टांगले की त्याने फेकलेली गरम हवा तेथेच कोंडते व पुन्हा तेच यंत्र ती ओढते. मग फाइव्ह स्टार यंत्रही जादा वीज खाते आणि शेजाऱ्याची खिडकी तापते ती वेगळीच. अभ्यासिकावाल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की साधा स्प्लिट ए.सी. बाहेरची ताजी हवा आणत नाही. मुलांना जांभया येत असतील तर हवा खेळती ठेवण्याची सोय करावी.

आपल्या कारागिरांना दोन शब्द

हा व्यवसाय वाढता आहे. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये गारव्याविषयीचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यात एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. जुना आर-२२ गॅस नव्या यंत्रांत वापरणे १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले आहे. आता आर-३२ व आर-२९० हे गॅस आहेत. पहिला सौम्य ज्वलनशील आहे, दुसरा तर साक्षात प्रोपेन. गॅस भरलेल्या पाइपवर टॉर्च लावण्याची जुनी सवय आता जिवावर बेतेल. उस्तादाच्या हाताखाली शिकलेले कसब मोलाचे आहेच, त्याला आय.टी.आय.च्या अभ्यासाची व प्रमाणपत्राची जोड द्यावी.

ग्राहकाचा सर्वांत मोठा राग असतो तो न सांगितलेल्या खर्चाचा. यंत्राची किंमत एक सांगितली जाते आणि नंतर तांब्याचा पाइप, स्टँड, ड्रेनची नळी, स्टॅबिलायझर, वायर यांची बिले येतात. आपल्या मेकॅनिकने कामाआधीच हे सर्व लिहून द्यावे. पाइप किती फूट, दर काय, व्हॅक्यूम पंप लावणार की नाही, गळती निघाली तर जबाबदारी कोणाची, हे एका कागदावर यावे. थोडा गॅस सोडून पाइपमधील हवा काढण्याची पळवाट वेळ वाचवते, पण आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसर खाते. "गॅस कमी झाला" असे सांगून दरवर्षी भरणारा मेकॅनिक दोन उन्हाळे कमावतो. गळती शोधून ती कायमची बंद करणारा वीस उन्हाळे कमावतो, कारण एका इमारतीतील एक समाधानी ग्राहक उरलेल्या दहा घरांची कामे मिळवून देतो.

ग्राहकाने खोली मोजावी, तास मोजावेत, रोखीचा भाव विचारावा. कारागिराने लिहून द्यावे आणि लिहिल्याप्रमाणे करावे. एवढे झाले तर कमी पैशात गारवाही मिळेल आणि व्यवहारात बरकतही राहील. व्यापारी व कारागीर बांधवांनी हंगामाची गर्दी सुरू होण्याआधीच यावर विचार करावा, ही विनंती.